डंकावरचा सिंथ

"हा आवाज तुमचाच न्हवं?" बापू आवट्यांनी मोबाईल माझ्या कानाला लावला आणि वर मलाच विचारलं.

खाली आईचा मिरची कांडायचा डंक धाडधाड चालू होता. एप्रिल महिना, चटणीचा हंगाम. जयसिंगपुरातल्या निम्म्या बायका आपापल्या मिरच्या घेऊन आमच्या दारात रांगेत उभ्या. डंक चालू असला की वरची खोली हादरायची आणि नाकात मिरचीचा खाट जायचा. मी खिडकी लावली, मोबाईल हातात घेतला आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं. ऐकलं आणि माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला.

तासगावच्या कुणा डीजेचं गाणं होतं. मध्येमध्ये त्याच्या नावाची आरोळी, खाली ढोलाचा ठेका, आणि त्यावर तो आवाज. आधी बारीक, सुरीसारखा धारदार, मग फुगत फुगत जाऊन एकदम फुटणारा. तो आवाज माझा होता. तीन दिवस कॉम्प्युटरवरची चाकं फिरवून फिरवून मी तो काढला होता.

"बापू, चोरी आहे ही," मी म्हणाले.

"चोरी असू दे न्हाईतर योगायोग असू दे. मला काय करायचंय त्याचं?" बापू खुर्चीत रेलले. आवटे साऊंड म्हणजे त्या वेळी आमच्या भागातलं मोठं नाव. मिरवणुकीत त्यांची स्पीकरची भिंत आली की आधी त्यांची स्वतःची धून वाजायची, तिला सगळे एंट्री म्हणायचे. ती धून आम्ही केली होती. "पोरी, मी काय सांगितलं होतं? कुणाकडं नसलेला आवाज पायजे. आता माझी भिंत चौकात आली की लोक म्हणणार, हे तर तासगावचं. पंधरा दिवस देतो. नवा आवाज काढा. न्हाई जमलं तर वर्षाचं काम मिरजेच्या पोरांना देऊन टाकतो. राग मानू नको."

बापू गेले. मी मागं वळून बघितलं. सुदर्शन चौगुले, माझा भागीदार, माझा कॉलेजपासूनचा मित्र, कॉम्प्युटरपुढं मान खाली घालून बसला होता. बापू असेपर्यंत तो एक अक्षर बोलला नव्हता.

"सुद्या, तू काहीच कसा बोलला नाहीस?"

"विचार करालोय," तो म्हणाला.

तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली.

आता माझा स्वभाव आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं घोळ नको. मी जन्माची संशयी. डंकवाल्याच्या घरात वाढलेली पोरगी दुसरी काय होणार? आमच्याकडं बाई मिरची घेऊन आली की ती डंकापासून हलत नाही. पदर नाकाला लावते, डोळ्यांतून पाणी गळतं, ठसका लागतो, पण जागची हलत नाही. का? तर मगदूमबाईनं, म्हणजे माझ्या आईनं, आपली चांगली मिरची काढून घेऊन त्यात दुसऱ्याची हलकी घातली तर? माझी आई पंचवीस वर्षं डंक चालवत होती. तिनं कुणाचं देठसुद्धा ठेवून घेतलं नव्हतं. तरी बायका उभ्या राहायच्याच. आई म्हणायची, "राहू देत उभ्या. रीतच आहे ती. आपण राग धरायचा नाही." मी मात्र लहानपणापासून एवढंच शिकले होते, की जिथून नजर हलली तिथून माल गेला.

सिंथ घेताना मी हेच केलं होतं. सिंथ म्हणजे कॉम्प्युटरच्या आतलं वाद्य. पडद्यावर तयार आवाजांची यादी, चाकं आणि बटणं असतात; यादीतला एक आवाज घ्यायचा आणि चाकं फिरवून आपल्याला हवा तसा करायचा. नाचाच्या गाण्याचा सगळा जीव त्यात. जानेवारीत मी आणि सुदर्शननं महिनाभर त्याचाच काथ्याकूट केला होता. एक होता थोरला, सगळी दुनिया त्याच्यावर वाजते असं म्हणत होते, पण त्याच्या किमतीत आमच्या आईनं नवी मोटर बसवली असती. एक अगदी फुकटचा होता. सांगलीत एकजण थोरल्याची चोरटी नक्कल पेनड्राइव्हमध्ये भरून द्यायचा. आणि एक होता मधला, निळ्या रंगाचा. आम्ही त्याला निळाच म्हणायचो.

"निळा घेऊ या," सुदर्शन म्हणाला होता. "आपल्याला परवडतोय. आवाज जाड आहे, कॉम्प्युटर अडखळत नाही, आणि आता तर अर्ध्या किमतीत लावलाय त्यांनी."

"अर्ध्या किमतीत का?"

"सेल आहे म्हणून."

"चांगला माल कोण अर्ध्या किमतीत देतंय सुद्या? कुठंतरी पाणी मुरतंय."

"मग फुकटचा घे."

"फुकट देणारा तर दुप्पट घेतो."

"मग सांगलीचा पेनड्राइव्ह आण बाई!"

"आणि त्यातनं व्हायरस आला म्हणजे? बँकेचा पासवर्ड गेला म्हणजे?"

सुदर्शननं दोन्ही हात जोडले होते. शेवटी निळा नुसता चाचणीपुरता उतरवून घ्यायचा ठरलं. सगळी चाकं चालतात, सगळे आवाज येतात, आवडला तर पैसे भरायचे. सेल संपला तरी मी पैसे भरू दिले नाहीत. निळा बंद करताना दर वेळी पडद्यावर एक इंग्रजी चौकट यायची आणि मी दर वेळी ती झटक्यात मिटवून टाकायची.

"पद्मे, वाच तरी काय लिहिलंय ते," सुदर्शन म्हणायचा.

"पैसे भरा म्हणून लिहिलं असणार, दुसरं काय? असल्या चौकटी फसवायलाच येतात."

माझं त्या वर्षी सगळंच पणाला लागलं होतं. घरी एका वर्षाची मुदत मागून घेतली होती. वर्षात या कामावर उभी राहिले तर ठीक, नाहीतर पतसंस्थेत काऊंटरवर बसायचं आणि मामानं आणलेलं स्थळ बघायचं. आवट्यांचं काम टिकलं तर मी टिकणार होते. म्हणून मार्चमध्ये जेव्हा तो आवाज सापडला तेव्हा मी खोलीत अक्षरशः नाचले होते. तीन दिवस निळा बंद न करता खपून केला, साठवून ठेवला, बंद केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उघडून ऐकला, तर काय सांगू, आदल्या दिवशीपेक्षा भारी वाटला. स्वतःचीच पाठ थोपटून घेतली मी.

सुदर्शननं मात्र कपाळाला आठ्या घातल्या. "पद्मे, हा कालच्यासारखा वाटत नाही गं."

"तुझे कान धू जा," मी म्हणाले होते आणि त्याच आवाजात बापूंची धून करून टाकली होती.

आता एप्रिलमध्ये, बापू जिना उतरून गेल्यावर, मला ते बोलणं आठवलं आणि मी त्याचा वेगळाच अर्थ लावला. याला माझा आवाज बापूंना द्यायचाच नव्हता! याला तो दुसरीकडं विकायचा होता!

एकदा संशय डोक्यात शिरला की तो शेजारीपाजारी सगळ्यांना बोलावून आणतो. मला एकेक गोष्ट दिसायला लागली. फेब्रुवारीपासून सुदर्शन दर गुरुवारी गायब असायचा. विचारलं की "काम होतं" एवढंच. एका गुरुवारी संध्याकाळी उशिरा आला तेव्हा त्याच्या बुटाला चिकट काळपट काहीतरी लागलेलं दिसलं. जवळ जाऊन बघितलं तर बेदाणा. चेंगरलेला बेदाणा! आणि बेदाण्याचा बाजार कुठला? तासगावचा. अजून काय पुरावा पाहिजे?

पण मी गप्प राहिले. त्याच्यापाठी उभी राहायला लागले. तो कॉम्प्युटरवर बसला की मी त्याच्या खुर्चीमागं. त्यानं पेनड्राइव्ह काढला की "काय घेतलंस त्यात?" त्याचा फोन वाजला की "कोण होतं?"

"काय बघालाईस सारखं?" तो एकदा वैतागून म्हणाला.

"काही नाही. शिकालीय."

आईनं एक दिवस जेवताना हटकलं. "पद्मा, त्या पोराच्या डोक्यावर का उभी असतेस गं दिवसभर?"

"तूच म्हणतेस ना, रीत आहे म्हणून?"

"बायका मिरची घेऊन येतात, तासाभरानं घरी जातात. त्यांचं-माझं तेवढंच," आई म्हणाली. "ज्याच्याबरोबर रोज ताटाला ताट लावून जेवायचं, त्याच्यावर असा पहारा ठेवत नाहीत."

मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मी सापळा लावायचं ठरवलं होतं.

नवा आवाज करायचाच होता. सुदर्शन नसताना एका दुपारी मी निळा उघडला, यादीतला पुढचा आवाज घेतला, चाकं फिरवली आणि त्यातून दुसरा एक आवाज केला. साठवला. चौकट आली, मिटवली. दुसऱ्या दिवशी उघडला, तर खालून घुमत येणारा, घशात अडकल्यासारखा; त्याचा छोटा तुकडा केला आणि फक्त सुदर्शनला दिला. "हे घरी ऐक. कुणालाही ऐकवू नको. बापूंनासुद्धा नाही." आणि मग डोळ्यांत तेल घालून तासगावच्या त्या डीजेच्या पानावर लक्ष ठेवून बसले.

दहाव्या दिवशी त्याचं नवं गाणं आलं. सुरुवातीलाच तो आवाज. खालून घुमत येणारा, घशात अडकल्यासारखा.

मला रडू आलं, हे कबूल करते. राग नंतर आला. मी त्या खोलीत एकटी बसून रडले, कारण मनाच्या एका कोपऱ्यात मला वाटत होतं की सापळ्यात कुणीच सापडू नये.

त्या दिवशी फोनवर एक ईमेलही आला होता. इंग्रजीत, वर 'अभिनंदन' आणि 'भेट' असलं काहीतरी. अशा मेलला मी भुलणारी नव्हे. कुणीतरी फसवतंय म्हणून न वाचताच काढून टाकला.

संध्याकाळी चारच्या सुमाराला सुदर्शन आला तो जिन्यातूनच हसत. दोन पेढे होते हातात.

"पद्मे, मेल बघितलास?"

"कसला मेल? विषय बदलू नकोस. हे ऐक." मी गाणं लावलं.

त्यानं ऐकलं. त्याचं हसू हळूहळू मावळलं, पण तो दचकला नाही, आणि त्याच्या न दचकण्यानंच माझं डोकं फिरलं.

"किती घेतलेस?" मी विचारलं.

"कशाचे?"

"माझ्या आवाजांचे. तासगावला दर गुरुवारी जातोस ते मला कळत नाही काय? बुटाला बेदाणे चिकटवून येतोस आणि वर तोंड करून मलाच विचारतोस, कशाचे!"

खाली डंक चालू होता. मला ओरडून बोलावं लागत होतं आणि खालच्या रांगेतल्या बायका माना वर करून ऐकत होत्या. मला वाटलं हा आता शिव्या देणार, शपथा घेणार, आईची आण घेणार. चोर असाच वागतो. पण त्यानं तसलं काहीच केलं नाही.

"पद्मे, तू एकदा निळ्यातली यादी बघ," तो एवढंच म्हणाला. "शांतपणानं. मी बसतो इथं."

"यादी बिदी काही नाही! ऊठ. तुझं सामान घे आणि चालायला लाग."

त्यानं हेडफोन घेतले. पेनड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला, माझ्यासमोर, मला दिसेल असा. खिसे उलटे करून दाखवले. मला तेव्हा वाटलं, बघा, नाटकं बघा याची. जाताना त्यानं पेढे खाली आईच्या हातात दिले. आईनं "कसले रे?" विचारलं तर म्हणाला, "काकू, असेच."

पंधरा दिवसांत नवा आवाज झाला नाही. बापूंनी शब्द पाळला आणि काम मिरजेला गेलं. जूनमध्ये मी पतसंस्थेच्या काऊंटरवर बसले. मामानं आणलेलं स्थळ मात्र मी भांडून परत पाठवलं, तेवढी धमक उरली होती. तासगावच्या डीजेची गाणी कुठं वाजली की मी रस्ता बदलायची. आणि जो भेटेल त्याला सांगायची, चौगुल्यानं मला बुडवलं. कॉलेजातल्या मित्रांना सांगितलं, बापूंना सांगितलं. छोटं गाव, गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. वर्षाभरात कुणी त्याला गाण्याच्या कामाला विचारेनासं झालं.

दोन वर्षं गेली. पगारातून मी नवा लॅपटॉप घेतला. हात शिवशिवत होते, खोटं का बोला. पुन्हा गाणी करायचं मनावर घेतलं आणि एका रविवारी सकाळी निळ्याच्या साईटवर गेले. पुन्हा सेल लागला होता. या वेळी मी म्हटलं, चला, देऊ पैसे, नोकरी आहे आता. माझा ईमेल टाकला. तर साईट म्हणाली, या ईमेलवर खातं आधीच आहे.

झालं! माझ्या नावानं कुणी खातं उघडलं? घाईघाईनं पासवर्ड बदलून घेतला आणि आत गेले. आत एकच ओळ होती. निळा, पूर्ण आवृत्ती, भेट म्हणून दिलेली, अजून स्वीकारलेली नाही. तारीख दोन वर्षांपूर्वीची. मी सुदर्शनला हाकललं त्याच दिवसाची. खाली देणाऱ्याचं नाव आणि इंग्रजी अक्षरांत लिहिलेला मराठी निरोप.

"पद्मे, आता ती चौकट येणार नाही."

मी तो निरोप चारपाच वेळा वाचला. मग जुना कॉम्प्युटर माळ्यावरून खाली काढला, पुसला, सुरू केला. निळा उघडला आणि बंद केला. चौकट आली. आणि आयुष्यात पहिल्यांदा मी ती वाचली. चाचणीच्या आवृत्तीत तुम्ही केलेले बदल साठवले जात नाहीत, पुन्हा उघडल्यावर मूळ आवाज येईल, असं साध्या इंग्रजीत लिहिलं होतं. दहावीच्या पोरालासुद्धा कळलं असतं.

मग यादी उघडली. त्यात 'डान्स' नावाचा भाग होता. त्यातला पहिला आवाज, एक्केचाळीस नंबरचा, दाबला. सुरीसारखा धारदार, मग फुगत फुगत जाऊन फुटणारा. बेचाळीस दाबला. खालून घुमत येणारा, घशात अडकल्यासारखा.

निळा उतरवून घेणाऱ्या जगातल्या प्रत्येक माणसाकडं ते दोन आवाज होते. तासगावचा तो पोरगा बिचारा यादीतले नंबर एकापुढं एक घेत चालला होता, आणि मीही तेच करत होते. फरक इतकाच की त्याला ते माहीत होतं. मी तीन दिवस खपून केलेला आवाज त्याच रात्री पुसला गेला होता आणि सकाळी कारखान्यातला तयार आवाज ऐकून मी स्वतःची पाठ थोपटली होती. माझा खरा आवाज कसा होता ते मला आजही आठवत नाही.

आईला सांगितलं. ती चाळणीवर मसाला चाळत होती. हात न थांबवता म्हणाली, "सगळ्यांनी एकाच दुकानातनं मिरची आणल्यावर चटणी सारखीच लागायची. त्यात त्याचा काय दोष?" मग थांबली. "पेढे चांगले होते गं त्याचे. मी तुला दिला तर तू खाल्ला नाहीस."

सुदर्शनचा नंबर मिळवायला दोन दिवस गेले. फोन उचलला तेव्हा मागं माणसांचा गलका होता, कुणीतरी भाव पुकारत होतं.

"सुद्या, मी पद्मजा."

गलका हळूहळू लांब गेला. तो बाहेर येत असावा.

"बोल."

"मी परवा भेट उघडली."

मीच पुढं विचारलं.

"गुरुवारी तू तासगावात..."

"बेदाण्याच्या सौद्याला वजन करायला जायचो. तू पैसे भरू देत नव्हतीस. म्हटलं आपण साठवू, घेऊन टाकू, मग काय बोलेल बघू."

"एक्केचाळीस नंबर," मी म्हणाले. "तुला माहीत होतं?"

"बापूंनी तासगावचं गाणं लावलं तेव्हा कळलं. घरी जाऊन यादी बघितली. त्यांच्यासमोर कसं सांगणार होतो, तुझं हसं झालं असतं. म्हटलं निळा विकत घेतो, हातात ठेवतो, मग दोघं मिळून खरा आवाज करू. मग सांगू हसत हसत."

"पण मला एकटीला तरी सांगायचं होतंस! दहादा सांगायचं होतंस!"

"पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पद्मे. कान धू म्हणालीस."

मी भिंतीला टेकून खाली बसले. खाली डंक चालू झाला होता, पाठीला हादरे लागत होते. मी माफी मागितली. सरळ, शब्दांत मागितली, चुकले म्हणाले, ज्यांना ज्यांना सांगितलं त्या सगळ्यांकडं जाऊन खरं सांगेन म्हणाले. तो "बरं" म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"परत येतोस?" मी विचारलं. "आता निळा आहे. चौकट येत नाही. खोली तशीच आहे."

तो म्हणाला, "मी कॉम्प्युटरवर बसलो की तू मागं येऊन उभी राहशील काय गं?"

"नाही राहणार."

"आता नाही म्हणशील. सवय जात नाही ती. मला इथं बरं आहे पद्मे. बेदाण्याचं वजन काट्यावर होतं, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. माझ्यावर कुणाला नजर ठेवावी लागत नाही."

पलीकडून कुणीतरी त्याला हाक मारली आणि त्यानं फोन ठेवला.

आता या गोष्टीला नऊ वर्षं झाली. मी पुढच्या महिनाभरात बापूंपासून सुरुवात करून एकेकाच्या दारात जाऊन खरं सांगितलं. बापू म्हणाले, "बरं झालं सांगितलंस," आणि चहा पाजला. पण चौगुल्यानं बुडवलं ही गोष्ट गावाला जितकी पाठ होती तितकी ही झाली नाही. अजूनही कुणीतरी त्याचं नाव काढून माझ्यासाठी हळहळतं आणि मला त्याला तिथंच थांबवून पुन्हा सगळं सांगावं लागतं. मी सांगते. पतसंस्था कधीच सोडली, वरच्या खोलीत दिवसभर माझं काम चालतं, आवाज मी आता स्वतः करते आणि दुसऱ्या दिवशी उघडून ते तसेच आहेत ना हे आधी बघते.

माझ्या कॉम्प्युटरजवळ एक रिकामी खुर्ची असते. कुणी काम घेऊन आलं तर मी त्यांना तिथं बसवते आणि मी लांब, दारापाशी जाऊन बसते. कुणी विचारलं की इतक्या लांब का, तर खिडकीतनं मसाल्याचा खाट लागतो म्हणून सांगते.